सर्जेरावाचं काय चुकलं?

परवाचं ते प्रकरण झाल्यापासून कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर दुसरा विषय न्हाई. साहेबांच्या गाडीत पुढच्या सीटवर बसणाऱ्याला आता फाटकातच अडवत्यात. कागलकर बोलून गेला, "आमच्या कागलच्या सर्जेराव घाटग्याचंबी ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी असंच केलं."

मास्तरांनी ग्लास खाली ठेवला. म्हणजे आता बारा वाजेपर्यंत सुटका नाही.

"असंच म्हणजे? १७९८ ला पोरगी बायजाबाई दौलतराव शिंद्याला दिली, दिवाणगी पदरात पाडली आणि अख्खं पुणं धुतलं. माणसं तापल्या तोफांना बांधली रे! आणि म्हणे आमचा!"

"बदनामी हाय सगळी! पुण्याच्या लोकांनी लिवलेला इतिहास!" हे वाक्य कागलकर ऊसदरापासून हद्दवाढीपर्यंत कुठंही वापरतो.

पैलवान मिशीवरचा फेस पुसत होता. "पर मास्तर, पैसा कुणाला पायजे हुता?"

"दौलतरावाला. दुसऱ्या बाजीरावानं पेशव्याच्या गादीसाठी दोन कोटी कबूल केले, तिजोरीत खडखडाट. मग म्हणाला, घ्या पुण्यातनंच वसूल करून."

"म्हंजी कबुली बाजीरावाची, फौज दौलतरावाची, आन् शिव्या कागलला," पैलवान म्हणाला. "लई बोंब झाली तवा जावयानंच त्याला कैदेत टाकला, गरज लागली तवा सोडला. रुमालाला कशापायी नावं ठेवताय? नाक कुणाचं ते बघा की."

"रुमाल आपण होऊनच खिशात शिरला होता," मास्तर म्हणाले. "आणि १८०९ ला भर छावणीत त्याच जावयाचा अंगरखा धरायला गेला. भाल्यानं संपवला तिथंच."

मला पैलवानाचंच पटलं. पण कागलकराला गप्प बसवेल कोण?

"पोरगं बघा की त्याचं, हिंदूराव! दिल्लीत आजबी त्याच्या नावाचा दवाखाना हाय. आन् शाहू महाराज दत्तक आले ते कुठनं? कागलच्या घाटग्यांतनंच!"

"व्हय," पैलवान म्हणाला, "महाराज आले की तुमचे, सर्जेराव आला की पुणेकरांचा. बरं, ते जाऊ दे. मंडळाच्या मांडवाचे पैसे कुठं गेले तेवढं सांग. खजिनदार तूच हुतास."

कागलकर तटकन उभा राहिला. "मी खजिनदार! पर सह्या कुणाच्या हुत्या? अध्यक्ष कोण हुतं?"

सगळ्यांनी मास्तरांकडं बघितलं.

"विषय १८०९ चा चालला होता," मास्तर म्हणाले. पैलवानाच्या नाकातनं दूध आलं.