चाचणी थांबली होती, पण ‘तेव्हाच कळलं होतं’ हे खरं नाही

२०२४ च्या उन्हाळ्यापासून एक मजकूर या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, आशय असा: ‘कोव्हिशील्डची चाचणी सप्टेंबर २०२० मध्येच थांबवावी लागली होती. लस घातक आहे हे कंपनीला तेव्हाच कळलं होतं. आठवडाभरात प्रकरण दाबलं आणि चाचणी पुन्हा सुरू केली. चार वर्षांनी कोर्टात कबुली दिली, लस मागे घेतली. लस खरंच सुरक्षित असती तर चाचणी थांबलीच नसती.’

चाचणी थांबली होती, हे खरं. कोर्टातला कागदही खरा. या दोन खऱ्या गोष्टींमध्ये जे भरलं आहे त्याची ही झडती. लस निर्दोष होती असं मला म्हणायचं नाही, हे आधीच सांगतो. तिचे अतिशय दुर्मीळ, पण जीवघेणे दुष्परिणाम होते आणि त्यात माणसं दगावली. वाद आहे तो ‘तेव्हाच कळलं होतं’ या तीन शब्दांशी.

‘थांबवली, म्हणजे घातक निघाली’

६ सप्टेंबर २०२० रोजी ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि ॲस्ट्राझेनेका कंपनी यांनी आपल्या चाचण्यांमध्ये लस टोचणं थांबवलं. भारतात सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली कोव्हिशील्ड ही त्यांचीच लस. ब्रिटनमधल्या एका स्वयंसेवक महिलेला मज्जारज्जूच्या दाहाची, म्हणजे ट्रान्सव्हर्स मायलायटिसची लक्षणं दिसली होती. थांबलं ते टोचणं. ज्यांना आधी टोचली होती त्यांच्या तपासण्या आणि नोंदी चालूच होत्या.

आता अडचण अशी की अशा चाचणीत कुणाला लस मिळाली आणि कुणाला दुसरं काही, हे स्वयंसेवकाला माहीत नसतं, त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नसतं. ब्रिटनमधल्या चाचणीत दुसऱ्या गटाला मेंदूज्वरावरची लस दिली जात होती. त्यामुळे कुणी गंभीर आजारी पडलं की पहिला प्रश्न ‘लसीमुळे झालं का’ हा नसतोच. ‘या व्यक्तीला टोचलं काय होतं?’ हा असतो. कुणाला काय दिलं याची नोंद असलेलं सांकेतिक पाकीट उघडायचं, आजार नक्की कोणता ते ठरवायचं, तो लसीआधीपासून अंगात होता का ते बघायचं, टोचल्यापासून किती दिवसांनी लक्षणं आली ते मोजायचं, इतर देशांतल्या चाचण्यांत असं काही घडलं आहे का ते तपासायचं. एवढं होईस्तोवर नव्या माणसाला सुई लावायची नाही, हा त्या विरामाचा अर्थ.

एका आजाऱ्यावरून एवढा गाजावाजा कशाला, असंही काही जण तेव्हा म्हणत होते. त्यांनाही आकडा सांगायला हवा. या आजाराचं प्रमाण वर्षाला दहा लाखांत एक ते चार, असा अंदाज नेहमी दिला जातो. वरचा आकडा धरला तरी ३०,००० माणसांमागे वर्षाला ०.१२ रुग्ण. म्हणजे एक रुग्ण दिसणं ही दुर्लक्ष करण्यासारखी बाब नव्हती, आणि म्हणूनच काम थांबलं. पण असे दुर्मीळ आजार शेकड्यांनी आहेत. अमुकच आजार होईल याची शक्यता नगण्य असली, तरी हजारो माणसांवर महिनोन्‌महिने डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवल्यावर त्यांतला एखादा कुणाला तरी होणार, हे जवळपास ठरलेलं असतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि नेमकी हीच बाब एका ओळीच्या मेसेजमध्ये मावत नाही.

निष्पन्न काय झालं? ८ डिसेंबर २०२० रोजी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकामध्ये चाचणीचे निष्कर्ष छापून आले. त्यात ट्रान्सव्हर्स मायलायटिसच्या तीन नोंदी आहेत: दोन लस मिळालेल्या गटात, एक दुसऱ्या गटात. लसगटातल्या एका व्यक्तीला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूला इजा करणारा आजार, आधीपासूनच होता, फक्त निदान झालेलं नव्हतं. दुसऱ्या घटनेपुढे ‘लसीशी संबंध असण्याची शक्यता’ असं स्पष्ट नोंदवलेलं आहे. लसीला मंजुरी मिळण्याच्या आधी, जगातल्या कुणालाही वाचता येईल अशा जागी. दाबून ठेवण्याची ही पद्धत जरा विचित्रच म्हणायची.

‘तेव्हाच कळलं होतं, २०२४ मध्ये कबूल केलं’

या मजकुराचा खरा पाया हे वाक्य, आणि ते दोन वेगवेगळे आजार एकत्र शिवून बनवलं आहे. २०२० मध्ये काम थांबलं ते मज्जारज्जूच्या दाहामुळे. २०२४ चा वाद टीटीएसचा: रक्तात गुठळ्या होणं आणि त्याच वेळी प्लेटलेट घटणं. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही.

शिवाय २०२४ मध्ये नवं काही उघड झालं नव्हतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटनच्या हायकोर्टात दिलेल्या कागदपत्रात कंपनीने म्हटलं की अतिशय क्वचित प्रसंगी या लसीमुळे टीटीएस होऊ शकतो. एप्रिलअखेर त्याची बातमी झाली. पण युरोपियन औषध नियामकाने ७ एप्रिल २०२१ रोजीच हा अतिशय दुर्मीळ दुष्परिणाम म्हणून नोंदवायला सांगितलं होतं. तेव्हा त्यांच्यासमोर सुमारे अडीच कोटी लस घेतलेल्या लोकांमधल्या ८६ घटनांचा सखोल आढावा होता, त्यांत १८ मृत्यू. पुढे या दुष्परिणामाचं प्रमाण साधारण लाखात एक असं धरलं गेलं. आता हेच प्रमाण चाचणीला लावून पाहा. २०,००० लोकांना लस दिली तर अपेक्षित रुग्ण ०.२. म्हणजे चाचणीत तो न दिसणं हेच अपेक्षित. जे दिसलंच नाही ते लपवायचं कसं?

‘लस मागे घेतली’ याचं उत्तर छोटं आहे. मे २०२४ मध्ये युरोपातली परवानगी कंपनीने स्वतःहून सोडली. नव्या विषाणूप्रकारांसाठीच्या लसी आल्या होत्या, मागणी आटली होती आणि उत्पादन बंद होतं.

गंमत अशी की मेसेज लिहिणाऱ्याला स्वतःच्या बाजूचे सर्वांत भक्कम दोन मुद्दे ठाऊकच नाहीत. पहिला: ज्या मज्जारज्जूच्या दाहामुळे चाचणी थांबली, त्याचा इशारा जानेवारी २०२२ मध्ये युरोपियन नियामकाच्या समितीने या लसीच्या माहितीपत्रकात घालायला लावला. लसीशी संबंध असण्याची रास्त शक्यता आहे, असं समितीचं मत झालं. दुसरा मुद्दा वेगळ्या लसीचा. जॉन्सन अँड जॉन्सनची चाचणी १२ ऑक्टोबर २०२० रोजी थांबली. एका स्वयंसेवकाच्या मेंदूतल्या शिरेत गुठळी होऊन रक्तस्राव झाला होता. लसीशी स्पष्ट संबंध जोडता आला नाही आणि २३ ऑक्टोबरला चाचणी पुन्हा सुरू करण्याची घोषणा झाली. मग १३ एप्रिल २०२१ रोजी अमेरिकेने ही लस देणं तात्पुरतं थांबवलं. ६८ लाखांहून अधिक डोसांमागे अशाच गुठळ्यांचे सहा रुग्ण आढळले होते. ऑक्टोबरमधल्या त्या एकुलत्या एक घटनेकडे मग साऱ्यांनाच नव्याने पाहावं लागलं.

तर मग ‘कळलं होतं’ हे खरंच ठरलं की! नाही. ऑक्टोबरमध्ये हाती एक माणूस होता. एका माणसावरून ‘शक्यता आहे’ यापुढे कुणालाही जाता येत नाही, तपासणारा कितीही प्रामाणिक असो. साठ-सत्तर लाख डोसांनंतर तीच घटना बोलू लागते. शंका नोंदवून ठेवणं आणि उत्तर माहीत असणं यात सहा महिन्यांचं आणि लाखो माणसांचं अंतर होतं. कंपनीवर टीका करायचीच तर ‘शक्यता’ या शब्दाला तेव्हा किती कमी वजन दिलं, यावर करा. ती टीका टिकेल.

‘आठवडाभरात दाबून पुन्हा सुरू केली’

ब्रिटनमध्ये १२ सप्टेंबरला परवानगी मिळाली, हे खरं. भारतात औषध महानियंत्रकांच्या कारणे दाखवा नोटिशीनंतर सीरम इन्स्टिट्यूटने १० सप्टेंबरला चाचणी थांबवली. १५ तारखेला परवानगी मिळाली ती अटींसह: निवड करताना जास्त तपासणी, संमतिपत्रात जास्तीची माहिती, प्रतिकूल घटनांवर बारीक लक्ष. अमेरिकेत मात्र हीच चाचणी २३ ऑक्टोबरपर्यंत, जवळपास सात आठवडे बंद होती. एकच घटना, एकच कंपनी, आणि तीन नियामकांचे तीन वेग. दाबादाबी झाली असती तर सर्वांत मोठी बाजारपेठ सर्वांत शेवटी मोकळी झाली नसती.

‘सुरक्षित लसीची चाचणी थांबतच नाही’

हे वाक्य सर्वांत धोकादायक, कारण ते उलटं वाचलं तर ‘जिची चाचणी थांबली नाही ती सुरक्षित’ असं होतं. २०,००० जणांना लस दिली आणि एखादा दुष्परिणाम एकालाही झाला नाही, तरी संख्याशास्त्र एवढंच म्हणू देतं की त्याचं प्रमाण बहुधा साडेसहा हजारांत एकापेक्षा कमी आहे. लाखात एक होणारी गोष्ट त्या चाळणीतून सहज निसटते.

आणि थांबलेल्या लसींचं पुढे काय झालं? डिसेंबर २०१४ मध्ये जिनिव्हात इबोलाच्या लसीची चाचणी थांबली, कारण ५९ पैकी चार स्वयंसेवकांचे सांधे दुखू लागले. जानेवारीत कमी मात्रेने ती पुन्हा सुरू झाली. त्याच लसीने पुढे गिनीमध्ये आपला प्रभाव दाखवला, २०१९ मध्ये तिला परवाना मिळाला, आणि सांधेदुखी आज तिच्या माहितीपत्रकात आहे. याउलट जीएसके या औषध कंपनीच्या, गर्भवतींसाठीच्या आरएसव्ही (श्वसनमार्गाच्या एका विषाणूवरच्या) लसीची चाचणी फेब्रुवारी २०२२ मध्ये थांबली ती कायमची. लसगटात मुदतपूर्व प्रसूती ६.८ टक्के, प्लासिबो (लस नसलेली सुई मिळालेल्या) गटात ४.९ टक्के. ती लस बाजारात आलीच नाही, त्यामुळे तिच्यावर कुणी मेसेजही लिहीत नाही.

‘लोकांपासून लपवलं’

इथे मात्र मी मेसेजवाल्याच्या बाजूला निम्मा तरी उभा आहे. सप्टेंबरमधला विराम कंपनीने आपणहून जाहीर केला नव्हता. दोन दिवसांनी ‘स्टॅट’ या वृत्तसंस्थेने तो उघड केला. महिलेला नेमकं काय झालं होतं हे कंपनीच्या प्रमुखांनी आधी सांगितलं ते गुंतवणूकदारांना, एका खासगी फोन बैठकीत. जुलैमध्येही एकदा चाचणी थांबली होती, हेही तिथेच कळलं. भारतातली चाचणी सुरळीत चालू असल्याचं सीरमने ९ तारखेला सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी ती थांबवली. असं वागल्यावर लोकांनी उरलेल्या जागा संशयाने भरल्या तर नवल नाही.

विज्ञानाच्या नावाने टाळ्या वाजवणाऱ्यांनीही कमी गोंधळ घातला नाही. ‘थांबली, म्हणजेच यंत्रणा चोख’ असे संदेश चौकशी पूर्ण होण्याआधीच फिरत होते. ब्राझीलमध्ये तर नोव्हेंबर २०२० मध्ये एका स्वयंसेवकाच्या मृत्यूनंतर कोरोनाव्हॅक या चिनी लसीची चाचणी थांबताच राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो यांनी तो स्वतःचा विजय म्हणून मिरवला. मृत्यूचा लसीशी संबंध नव्हता. दोन दिवसांत चाचणी सुरू झाली, पण तोवर ती बातमी राहिली नव्हती.

तरी सप्टेंबरमधल्या आरडाओरडीतून एक काम झालं. चाचणीचा संपूर्ण आराखडा, म्हणजे कशासाठी थांबायचं, मधल्या टप्प्यावर आकडे कधी बघायचे, कोण बघणार, हे कंपन्या सहसा चाचणी संपेपर्यंत बाहेर काढत नाहीत. १७ सप्टेंबरला मॉडर्ना आणि फायझर यांनी आपापले आराखडे जाहीर केले. ॲस्ट्राझेनेकाने १९ तारखेला केला.