अँथनी रॉबल्स आणि नसलेल्या पायाचा ‘फायदा’

‘एक पाय नसल्याचा त्याला फायदाच झाला,’ असे अँथनी रॉबल्सविषयी म्हटले जाते, तेव्हा मला मनापासून वाईट वाटते. जन्मतःच उजवा पाय नसलेल्या, ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या या मल्लाने मार्च २०११ मध्ये फिलाडेल्फियात १२५ पौंड, म्हणजे सुमारे ५७ किलो वजनगटाचे एनसीएए, म्हणजे अमेरिकेतील आंतरविद्यापीठ क्रीडा संघटनेचे अजिंक्यपद पटकावले. त्या हंगामातील ३६ पैकी ३६ कुस्त्या त्याने जिंकल्या आणि अंतिम फेरीत आयोवाच्या गतविजेत्या मॅट मॅकडोनोला ७-१ असे हरवले.

आक्षेप अगदीच निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. जे वजन इतरांच्या दुसऱ्या पायात असते, ते त्याच्या दंडांत, छातीत आणि पाठीत असते. त्यामुळे समोरच्या मल्लाला कंबरेच्या वर थोराड गड्याशी झुंजावे लागते. शिवाय तो गुडघा टेकून इतक्या खालून खेळे, की पट काढायला, म्हणजे पाय धरून पाडायला, हाताशी काही लागतच नसे. पण उभ्या कुस्तीत तोल सावरायला, टांग मारायला आणि खाली सापडल्यावर रेटा देऊन उठायला जो पाय लागतो, तो त्याच्याकडे नव्हता, हे या हिशेबात कोणी धरत नाही. शाळेत असताना, कुस्तीच्या पहिल्याच वर्षी, तो मेसा शहराच्या स्पर्धेत शेवटचा आला होता, आणि शरीर तेव्हाही हेच होते.

बदलला तो डाव. कुबड्यांवर वाढलेल्या त्याच्या हातांची पकड विलक्षण होती. प्रतिस्पर्ध्याला खाली घेतल्यावर तो त्याचे मनगट त्याच्याच मांड्यांमधून मागे खेचून धरी आणि त्या एका पकडीवर त्याची पाठ गादीकडे फिरवून गुण घेई. हा डाव त्याने घोटून घोटून पक्का केला होता, आणि तो येतो आहे हे ठाऊक असूनही भल्याभल्यांना सोडवता येत नसे.

याहून मला खटकते ती काळजीच्या नावाखाली होणारी अडवणूक. हात कोपरापर्यंत आणि पाय गुडघ्यापर्यंतच असलेल्या काइल मेनार्डला जॉर्जिया राज्याने २००७ मध्ये मिश्र मार्शल आर्ट्सचा, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती एकत्र चालणाऱ्या लढतींचा परवाना नाकारला. २००९ मध्ये तो अलाबामात उतरला, तिन्ही फेऱ्या लढला आणि पंचांच्या निकालावर हरला. डावा हात कोपराखाली नसलेल्या निक न्यूएलने २०१२ मध्ये प्रतिस्पर्ध्याचा गळा आवळून एक्सएफसी या अशाच लढती भरवणाऱ्या संस्थेचा किताब जिंकला, आणि २०१४ मध्ये जस्टिन गेथजीकडून त्याने मारही खाल्ला. वैद्यकीय तपासणी आणि सरावातील लढती जशा इतरांच्या पाहतात तशाच यांच्याही पाहाव्यात, त्याच काट्यावर वजन घ्यावे आणि त्याच नियमांनी आखाड्यात उतरू द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि मग ते जिंकले तर तो विजय निमूटपणे मान्य करावा.