‘मे’ म्हणजे ‘मला’ धरून चालणाऱ्यांसाठी

स्पॅनिश शिकणाऱ्या मराठी मंडळींत एक युक्ती हातोहात फिरते आहे. ‘मे गुस्ता’ म्हणजे ‘मला आवडतं’, तसंच ‘मे दोय क्वेंता’ म्हणजे ‘माझ्या लक्षात येतं’. ‘मे’ला ‘मला’ धरा, ‘क्वेंता’पुढचं ‘दे’ (आपल्या ‘-चा, -ची, -चं’सारखं अव्यय) नाही लावलं तरी चालतं, आणि ‘फिखार्से’, ‘एंतेरार्से’ हे ‘दार्से क्वेंता’चेच (हे ‘मे दोय क्वेंता’चं मूळ रूप) समानार्थी. मी पुण्यात स्पॅनिश शिकवते. या युक्तीने लागलेली सवय मोडण्यात वर्गातले तासच्या तास जातात, म्हणून हे लिहिते आहे.

‘मे गुस्ता’बद्दल सांगितलेलं खरं आहे. ‘मे गुस्ता एल मांगो’, पण ‘मे गुस्तान लोस मांगोस’. आंबा एक की अनेक यावर क्रियापद ठरतं, अगदी आपल्या ‘आवडतो’, ‘आवडतात’सारखं. ‘दार्से क्वेंता’त मात्र कर्ता ती व्यक्तीच असते: यो मे दोय क्वेंता, तू ते दास क्वेंता, एया से दा क्वेंता. भूतकाळात मे दी, ते दिस्ते, से दियो. काय लक्षात आलं, ते एक असो की दहा, क्रियापदाला त्याचं काही देणंघेणं नाही.

माझ्या एका विद्यार्थिनीने फळ्यावर लिहिलं, ‘आ मी मे दियो क्वेंता’. तिच्या डोक्यात वाक्य होतं ‘माझ्या लक्षात आलं’. त्यातलं ‘आलं’ तृतीयपुरुषी एकवचनी, म्हणून तिने ‘दियो’ उचललं. चूक तर्काला धरूनच होती. पण स्पॅनिश माणसाला त्यातून ऐकू येतं, ‘कुणीतरी मला माहिती दिली’. तिला हवं होतं साधं ‘मे दी क्वेंता’.

असं का, ते ‘क्वेंता’ शब्दात आहे. क्वेंता म्हणजे हिशोब. हॉटेलात बिल मागतानाही ‘ला क्वेंता, पोर फावोर’ म्हणतात. ‘दार क्वेंता दे’ म्हणजे एखाद्या गोष्टीचा हिशोब देणं, ती कळवणं. ‘से’ लावलं की तो हिशोब माणूस स्वतःलाच देतो, म्हणजे त्याच्या लक्षात येतं. ‘ला पोलिसीया दियो क्वेंता देल आक्सिदेंते’: पोलिसांनी अपघाताची माहिती दिली. ‘ला पोलिसीया से दियो क्वेंता देल आक्सिदेंते’: अपघात झाल्याचं पोलिसांच्या लक्षात आलं. एका ‘से’ने बातमीच बदलते. (‘दियो क्वेंता देल पास्तेल’ म्हणजे तर केक फस्त केला!)

‘दे’ गाळण्याबद्दल. बोलताना स्पेनमध्ये आणि लॅटिन अमेरिकेत पुष्कळजण ‘मे दी क्वेंता के’ (माझ्या लक्षात आलं की) म्हणून जातात, हे मान्य. पण स्पॅनिशची राजअकादमी ‘दे के’च शिष्टसंमत मानते, आणि परीक्षेच्या निबंधात ‘दे’ गाळणं मला परवडणारं वाटत नाही. आपला घोळ होतो कारण मराठीत नुसत्या ‘की’वर भागतं. खात्री करायची तर प्रश्न विचारून बघा: ‘दे के ते दिस्ते क्वेंता?’ (तुझ्या काय लक्षात आलं?) इथे ‘दे’ कुणीच गाळत नाही.

समानार्थी म्हणाल, तर सकाळी अंगण ओलं दिसलं आणि रात्री पाऊस पडून गेल्याचं उमगलं: मे दी क्वेंता. तेच शेजारच्या काकूंनी सांगितलं: मे एंतेरे. आणि मी कुणाला म्हटलं, ‘अगं, त्या ओल्या फरशीकडे नीट बघ’, तर ते ‘फीखाते’. एक आपसूक उमगणं, दुसरं बाहेरून कळणं, तिसरं मुद्दाम लक्ष देणं. मराठीत आपण हे तिन्ही सहसा मिसळत नाही, मग स्पॅनिशमध्ये का मिसळावेत?

मराठी वळण जिथे खरंच उपयोगी पडतं, ती जागा या युक्तीत आलेलीच नाही: विसरणं. ‘से मे ओल्विदो ला याबे’, एक किल्ली राहिली. ‘से मे ओल्विदारोन लास याबेस’, किल्ल्या राहिल्या. इथे क्रियापद किल्ल्यांच्या मागे जातं, आपल्या ‘राहिली’, ‘राहिल्या’सारखं. माझ्या वर्गात मी दोन्ही एकाच वाक्यात घोटून घेते: ‘से मे ओल्विदारोन लास याबेस इ मे दी क्वेंता एन ला प्वेर्ता’. किल्ल्या राहिल्या, आणि दारात आल्यावर माझ्या लक्षात आलं.