विलामेटच्या पोरांनी एकही हेर पकडला नव्हता

माझा भाचा कोल्हापुरात कॉलेजच्या संघातून फुटबॉल खेळतो. त्याच्या संघाच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज आला, त्याने तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि घरातल्या मोठ्या माणसांनी खाली हात जोडले. मेसेज थोडक्यात असा: 7 डिसेंबर 1941 ला हवाई बेटांवरच्या पर्ल हार्बर या अमेरिकन नौदल तळावर जपानी विमानांचे बॉम्ब पडत असताना अमेरिकेतल्या एका छोट्या कॉलेजचा संघ होनोलुलूत सामना खेळत होता. पोरांनी सामना पुरा केला आणि मैदानावरूनच सैन्यात भरती झाली. बेटावरचे जपानी रहिवासी पाण्यात विष कालवत होते, उसाच्या फडात बाणाचा आकार कापून विमानांना वाट दाखवत होते. त्यांना याच पोरांनी पकडलं. पुढे अख्खा संघ युद्धात कामी आला. आणि शेवटी ठळक अक्षरांत: ‘शत्रू शेजारीच राहतो, ओळखायला शिका.’

ही शेवटची ओळ नसती तर मी दुर्लक्ष केलं असतं. ती विशीतल्या पोरांच्या फोनवर फिरतेय, म्हणून लिहावं लागतंय.

संघ खरा आहे. ऑरेगन राज्यातल्या सेलम गावचं विलामेट विद्यापीठ. खेळ अमेरिकन फुटबॉल, म्हणजे लांबट अंडाकृती चेंडूचा. मेसेजला जोडलेल्या चित्रात गोल चेंडू आहे, एवढ्यावरूनच शंका यायला हवी होती. सामना झाला तो आदल्या दिवशी, शनिवारी 6 डिसेंबरला. हवाई विद्यापीठाने विलामेटला 20-6 असं हरवलं. रविवारी सकाळी आठच्या सुमारास हल्ला सुरू झाला तेव्हा ही पोरं वाइकिकीच्या मोआना हॉटेलवर बेट बघायला निघायच्या तयारीत होती. समुद्रात उडणारे पाण्याचे लोट पाहून लष्कराचा सराव चाललाय असंच अनेकांना वाटलं. बॉम्ब पडत असताना कोणीही सामना खेळत नव्हतं. सोबत आलेल्या सॅन होजे स्टेटच्या संघाला तर एकही सामना खेळायला मिळाला नाही, कारण पुढचे सगळे रद्द झाले.

सैन्यभरतीच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, तेवढं मान्य करतो. लष्करी कायदा लागू झाल्यावर विलामेटच्या खेळाडूंनी वाइकिकीच्या किनाऱ्यावर काटेरी तारा लावल्या. मग लष्कराने ताब्यात घेतलेल्या पुनाहौ शाळेवर जुन्या रायफली घेऊन रात्रंदिवस पहारा दिला. पण ते होते विद्यार्थीच. प्रशिक्षक स्पेक कीन यांनी खटपट करून त्यांना ‘प्रेसिडेंट कूलिज’ जहाजावर जागा मिळवली, ती वाटेत जखमींची शुश्रूषा करायच्या बोलीवर. 19 डिसेंबरला निघालेलं जहाज नाताळच्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोला लागलं. भाजलेल्या, हातपाय गमावलेल्या आपल्याच वयाच्या सैनिकांची सेवा त्यांनी सहा दिवस केली. मेसेजमध्ये याचा उल्लेखसुद्धा नाही, आणि मला तरी या सगळ्या हकिकतीत तेच सगळ्यात मोठं वाटतं. पुढे त्यांतले बहुतेक सैन्यात गेले हे खरं, पण घरी परतल्यानंतर.

आता विष आणि बाण. या अफवा त्याच दिवशी होनोलुलूत उठल्या होत्या. त्यांना वजन आलं ते नौदलमंत्री फ्रँक नॉक्स यांच्यामुळे. बेट पाहून परतल्यावर डिसेंबरच्या मध्यात त्यांनी पत्रकारांना सांगितलं की हवाईत पंचमस्तंभी लोकांनी, म्हणजे आत राहून शत्रूला मदत करणाऱ्यांनी, मोठं काम केलं. पुरावा दिला नाही. होनोलुलूच्या पोलिसांनी आणि एफबीआयने चौकशी केली, तिच्यात घातपाताचं एकही प्रकरण निघालं नाही. ना विष सापडलं, ना उसातला बाण.

हेर होता का? होता. ताकेओ योशिकावा, जपानी नौदलाचा माणूस, होनोलुलूच्या जपानी वकिलातीत खोट्या नावाने नोकरीला होता. टोकियोने पाठवलेला सरकारी अधिकारी तो, शेजारी राहणारा भाजीवाला किंवा कोळी नव्हे. त्या वकिलातीकडून पैसे घेतल्याबद्दल हेरगिरीची शिक्षा झाली ती बर्नार्ड क्यून नावाच्या जर्मनाला.

ज्यांना शंका असेल त्यांनी अमेरिकन संसदेने नेमलेल्या आयोगाचा 1982 चा अहवाल वाचावा. पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सुमारे 1 लाख 20 हजार माणसांना छावण्यांत कोंडलं गेलं, त्यांतले दोनतृतीयांश अमेरिकेचेच नागरिक. आयोगाने कारणं दिली ती तीन: वंशद्वेष, युद्धज्वर आणि राजकीय नेतृत्वाचं अपयश. तिथल्या जपानी रहिवाशांनी हेरगिरी वा घातपात केल्याचं एकही नोंदलेलं प्रकरण आयोगाला मिळालं नाही. 1988 मध्ये कायदा करून सरकारने माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला 20 हजार डॉलर दिले. हवाईत जपानी वंशाचे दीड लाखाहून जास्त लोक होते, तिथे दोन हजारांहूनही कमी पकडले गेले. बेट काही बुडालं नाही.

फुटबॉलचीच गोष्ट सांगायची तर जॅक योशिहाराची सांगा. तोही ऑरेगनचा, ऑरेगन स्टेटच्या संघातला खेळाडू. त्या वर्षी त्याच्या संघाला रोझ बोल या कॉलेज फुटबॉलच्या मानाच्या सामन्यात खेळायचा मान मिळाला होता. पर्ल हार्बरनंतर पश्चिम किनाऱ्यावर गर्दी नको म्हणून तो सामना कॅलिफोर्नियातून उचलून पार नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहमला नेला. संघ सराव करत असताना सरकारी माणसं मैदानावर आली. जन्माने जपानी असल्यामुळे जॅकला प्रवासाची परवानगी नाकारली गेली. 1 जानेवारी 1942 ला संघाने ड्यूक विद्यापीठाला 20-16 असं हरवलं, जॅकविना. काही महिन्यांनी त्याची रवानगी आयडाहोतल्या मिनिडोका छावणीत झाली. त्याने काय केलं होतं? काहीही नाही. ‘शत्रू शेजारीच राहतो’ हे वाक्य तेव्हा असंच फिरत होतं.

आणि विलामेटला आदल्या दिवशी हरवणाऱ्या हवाई विद्यापीठाची मुलं? तिथल्या आरओटीसीमध्ये, म्हणजे आपल्या एनसीसीसारख्या पथकात, जपानी वंशाची पुष्कळ मुलं होती. हल्ल्याच्या सकाळी शत्रूचे छत्रीधारी सैनिक उतरल्याची अफवा आली, तेव्हा सेंट लुइस हाइट्सच्या टेकडीकडे त्यांनाच धाडलं गेलं, आणि ती गेली. पुढे काही आठवडे त्यांनी शहराचा पहारा केला. जानेवारीत केवळ वंशामुळे त्यांच्या हातातल्या बंदुका काढून घेतल्या. तरी दीडशेहून जास्त मुलांनी अर्ज केला की बंदूक नसेल तर फावडं द्या, आणि वर्षभर लष्करासाठी रस्ते बांधले, दगड फोडले. 1943 मध्ये जपानी वंशाच्या अमेरिकनांची 442 वी रेजिमेंट उभी राहिली तेव्हा त्यांतले बरेच तिच्यात गेले. ही रेजिमेंट 1944 च्या उन्हाळ्यात इटलीत उतरली. त्याच उन्हाळ्यात, त्याच इटलीत माणगाव तालुक्यातले, मराठा पलटणीचे यशवंत घाडगे धारातीर्थी पडले आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. म्हणजे मेसेज ज्यांना शेजारचा शत्रू म्हणतो, ती पोरं आपल्या मराठा पलटणींच्याच बाजूने लढत होती.

राहिला शेवटचा मुद्दा, अख्खा संघ मारला गेल्याचा. विलामेटच्या त्या संघातला एकच खेळाडू युद्धात मारला गेला. बाकीचे परतले, संसार केले, म्हातारे झाले, त्यांतल्या कित्येकांनी मुलाखतीही दिल्या. जिवंत माणसांना मारून आदर दाखवता येत नाही.

मेसेज डिलीट करून भागणार नाही, कारण तो पुढे गेलेला आहे. ज्यांनी ज्या ग्रुपवर टाकला, त्यांनी त्याच ग्रुपवर एवढं तरी लिहावं: विष, बाण आणि पकडलेले हेर, तिन्ही खोटं. भाच्याने त्याच्या संघाच्या ग्रुपवर काल हे लिहिलं. घरच्या ग्रुपवर हात जोडणाऱ्यांनी अजून लिहिलेलं नाही.