स्वतःच्या दुखण्याची कहाणी लिहिली म्हणजे प्रवेश मिळत नाही

क्लिनिकल सायकॉलॉजीच्या मास्टर्ससाठी अर्ज करताना 'स्वतःचं नैराश्य सविस्तर लिहा, निवड पक्की' असा सल्ला फिरतोय. तो चुकीचा आहे. अमेरिकेतल्या मानसशास्त्र विभागांच्या प्रवेश समिती प्रमुखांना विचारून केलेला एक अभ्यास 2006 मध्ये 'टीचिंग ऑफ सायकॉलॉजी' या संशोधनपत्रिकेत आला. अर्जाला मारक ठरणाऱ्या गोष्टींत स्वतःच्या मानसिक आजाराचे तपशील मांडणं त्यात स्पष्ट नोंदलं आहे. आजार ही लाज नव्हे, हे मी ठामपणे म्हणेन. पण समितीला तुमची तयारी पाहायची असते: संशोधन पद्धती, संख्याशास्त्र, प्रत्यक्ष काम, आणि हाच अभ्यासक्रम का. स्वतःचा अनुभव लिहायचाच असेल तर दोन ओळींत, त्यातून कोणता अभ्यासाचा प्रश्न सुचला ते सांगण्यापुरता.