हॉलस्टॅटला जाताय? फोटो काढून झाला की डोंगर चढा

ऑस्ट्रियातल्या हॉलस्टॅटचा फोटो आता प्रत्येकाच्या फीडमध्ये येऊन गेलाय. तळं, टोकदार मनोऱ्याचं चर्च, मागे आल्प्स. सुंदर आहे, वादच नाही. पण आपले ग्रुप टूरवाले तिथे जेमतेम दोन तास देतात. फोटो, कॉफी, फ्रिजवर लावायचा मॅग्नेट, की चला बसमध्ये! एवढ्यात गाव बघून होत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण हे मुळात खाणकामगारांचं गाव आहे, आणि त्याचं सगळं वैभव वरच्या डोंगरातल्या मिठाचं आहे.

या डोंगरातून सुमारे सात हजार वर्षं मीठ निघतंय. आजही निघतं. खाणीत २००३ साली एक लाकडी जिना सापडला. त्याची झाडं तोडली गेली इसवी सनापूर्वी १३४४ च्या सुमारास! मिठाने लाकूड कुजूच दिलं नाही. कामगारांच्या पाठीवरच्या चामडी पिशव्या टिकल्या, आणि (जेवता जेवता वाचत असाल तर पुढचं वाक्य सोडा) त्यांची विष्ठासुद्धा टिकली. तिच्यावरचं संशोधन २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातून कळलं की २७०० वर्षांपूर्वी ही मंडळी ब्लू चीज खात होती आणि बिअर पीत होती. राजेरजवाड्यांच्या इतिहासात असलं काही सापडतं का सांगा!

१८४६ मध्ये रामसाउअर नावाच्या खाण-अधिकाऱ्याला वरच्या दरीत जुनी थडगी लागली. पुढच्या सतरा वर्षांत त्याने जवळजवळ हजार थडगी उकरली, आणि प्रत्येकात काय कसं ठेवलं होतं याची जलरंगात चित्रं करून घेतली. एका तलवारीच्या मुठीला तर हस्तिदंत आणि बाल्टिक समुद्राकडचा अंबर (झाडाच्या चिकाचा झालेला दगड). मिठाच्या जिवावर एवढा लांबचा व्यापार! युरोपातल्या लोहयुगाच्या एका आख्ख्या कालखंडाला या गावाचं नाव मिळालं ते यामुळेच.

खाली गावात मात्र जागेची मारामार. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला पाणी. १८९० पर्यंत धड रस्ताही नव्हता, होडीने या नाहीतर पायवाटेने. दफनभूमीही एवढीशी, म्हणून काही वर्षांनी थडगं उकरून कवटी बाहेर काढायचे, उन्हात वाळवायचे आणि तिच्यावर नाव आणि पानंफुलं रंगवायचे. अशा सहाशेवर रंगवलेल्या कवट्या कॅथलिक चर्चशेजारच्या (फोटोतल्या टोकदार मनोऱ्याच्या नव्हे) अस्थिगृहात आहेत. भीती अजिबात वाटत नाही. कुणीतरी आपल्या माणसाच्या कपाळावर निगुतीने काढलेली वेल दिसते, बस.

गावात राहतात साडेसातशेच्या आसपास माणसं, आणि गर्दीच्या दिवशी पाहुणे येतात दहा हजारांपर्यंत. २०२३ च्या मे महिन्यात वैतागून त्यांनी सेल्फीच्या जागेपुढे चक्क लाकडी कुंपण घातलं. जगभर ओरड झाली, काही दिवसांत काढावं लागलं. मला विचाराल तर ठेवायला हवं होतं. नुसता देखावा हवा असेल तर चीनने २०१२ मध्ये ग्वांगदोंगमध्ये या गावाची हुबेहूब नक्कल उभारलीच आहे.

तेव्हा जाणार असाल तर टूरवाल्याशी आधीच भांडून अर्धा दिवस मागून घ्या. आणि खाणीत ऐन उन्हाळ्यातही आठेक अंशच तापमान असतं, स्वेटर बसमध्ये ठेवून उतरू नका.