तीन रात्री, तेवीस पदार्थ आणि एक पोट

जॉर्ज टाउन बघायला तीन दिवस पुरतात. खायला पुरत नाहीत. मलेशियातल्या पेनांग बेटावरच्या या शहराचा बेत आखताना सगळी भांडणं याच एका वाक्यातून निघतात. बघायची यादी एक जण करतो, खायची दुसरा करतो, आणि दोन्ही याद्या ज्याच्यावर पडणार त्या पोटाला कोणी विचारत नाही.

मी आधी गणित मांडायच्या मताचा आहे. तीन रात्रींच्या सहलीत पोचल्या दिवसाची संध्याकाळ, मधले दोन अख्खे दिवस आणि परतीची सकाळ हातात येते. म्हणजे नाश्ते 3, दुपारची जेवणं 2, रात्रीची 3. एकूण 8 बैठका. दोघांत मिळून बैठकीला दोन लहान ताटल्या धरल्या तर 16 पदार्थ. इकडून तिकडून जमवलेली यादी मात्र 23 च्या खाली कधी उतरत नाही. उरलेले सात कापायला बसलं की लग्नाच्या आमंत्रणांतून सात घरं कापल्यासारखं वातावरण तयार होतं. ‘अर्धी अर्धी खाऊ’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. अर्धी खाल्ल्यावरच तो दुसरी मागवतो.

त्यात या खाण्याच्या गाड्यांची सुट्टी. प्रत्येक गाडीचा वार वेगळा. कोणी सोमवारी बंद, कोणी गुरुवारी, कोणी मालकाच्या मर्जीने. काहींचं सामान दुपारी बारालाच संपतं, काहींची चूल संध्याकाळी सहानंतर पेटते. म्हणून तक्त्यात पदार्थाच्या नावाशेजारी ‘बंद वार’ आणि ‘वेळ’ असे दोन रकाने हवेतच, आणि सगळी यादी वारानुसार लावायची. उलटं केलं, म्हणजे आधी देवळं-वाडे ठरवून मधल्या फटींत खाणं कोंबलं, की नेमकं ‘तुतुप’ लिहिलेल्या पाटीसमोर उभं राहावं लागतं. तुतुप म्हणजे बंद. मलायमधला हा शब्द न शिकवता शिकता येतो. चिनी नववर्षाच्या आठवड्यात जाऊ नये. केक लोक सी हे मोठं बौद्ध मंदिर तेव्हा दिव्यांनी झगमगतं खरं, पण निम्म्या चुली थंड असतात. रमजानमध्ये उलट तऱ्हा: दिवसा बरीच मुस्लिम खाणावळी बंद, संध्याकाळी बाजार फुललेला.

वारसा बघायचा तो सकाळी साडेदहाच्या आत. नंतरचं ऊन आणि दमट हवा मिळून माणसाची उकड करतात. जुनं शहर 2008 साली मलाक्का शहराबरोबर जागतिक वारसा यादीत आलं. त्याचा मोठा फायदा असा की सगळं पायी फिरण्याच्या टप्प्यात आहे. एकाच रस्त्याच्या आसपास सेंट जॉर्ज चर्च, करुणादेवीचं चिनी मंदिर, महामारिअम्मनचं देऊळ आणि कपितान केलिंग मशीद. मशिदीसाठी अंगभर कपडे आणि चटकन निघणाऱ्या चपला. बुटांच्या नाड्या बांधण्यात इथे दिवसातली पंधरा मिनिटं जातात, आणि पंधरा मिनिटांत एक चेंडोल, म्हणजे नारळाच्या दुधातलं थंडगार गोड, होतो.

ऊन चढलं की ‘काकी लीमा’चा आधार घ्यायचा. ही कोणाची काकी नाही. काकी म्हणजे पाय किंवा फूट, लीमा म्हणजे पाच: दुकानांसमोरचा पाच फुटी आच्छादित ओटा. सावली उत्तम. फक्त दर दहा पावलांवर स्कूटर, कुंडी नाहीतर एखाद्याचं जेवणाचं टेबल आडवं येतं, मग उतरा, पुन्हा चढा. गुडघेदुखीवाल्याला हे आधी सांगून ठेवावं.

खू कोंगसी हे खू या चिनी कुळाचं सभागृह मात्र सोडू नका. आधीची इमारत 1901 मध्ये जळाली. लोक म्हणाले, बादशहाच्या महालाची बरोबरी केली, देवांना रुचलं नाही. आपण याला दृष्ट लागली म्हणतो. मग 1906 मध्ये जरा आवरतं घेऊन पुन्हा बांधली. ती ‘आवरती’ इमारत बघताना मान दुखते. चोंग फात त्झे या चिनी व्यापाऱ्याच्या निळ्या वाड्यात मार्गदर्शकाबरोबरची फेरी ठरावीक वेळीच असते, तेव्हा ती वेळ पक्की करून जेवण तिच्याभोवती बसवायचं. भित्तिचित्रांसाठी वेगळा दिवस ठेवणाऱ्यांशी माझं जमत नाही. आर्मेनियन स्ट्रीटवर खऱ्या सायकलीला जोडून रंगवलेली दोन मुलं आहेत, 2012 ची. मुलं गोड आहेत, पण फोटोसाठी रांग असते, आणि रांगेतच उभं राहायचं तर ती खाण्याची का नको?

आता टेबलाचे कायदे. कोपीटियाम म्हणजे कॉफीची जुन्या धाटणीची जागा. आतल्या गाड्या वेगवेगळ्या मालकांच्या, टेबलं मात्र पेयवाल्याची. म्हणून बसल्याबसल्या माणशी एक पेय मागवायचं. ‘आम्ही पाणी आणलंय’ हे इथे चालत नाही. टेबलाचा क्रमांक लक्षात ठेवून गाडीवर सांगायचं, ताटली आली की तिथेच रोख पैसे द्यायचे. नुसतं ‘कोपी’ म्हटलं तर आटवलेलं गोड दूध घालून येते, ‘कोपी ओ’ म्हणजे काळी पण साखरेची, ‘कोपी ओ कोसोंग’ म्हणजे काळी आणि बिनसाखरेची. मधुमेह्यांनी कोसोंग पाठ करावं. दुधाला सुसू म्हणतात. मागताना चेहरा सरळ ठेवायचा. ‘पेडास’ म्हणजे तिखट, पेढ्याशी संबंध नाही.

चार क्वे त्याव (इथे ‘चार’ म्हणजे परतलेलं, आकडा नव्हे) आधी मागवायचा, बाकीचं नंतर. तांदळाच्या रुंद पट्ट्या, मुगाचे लांब मोड, कोळंबी, शिंपले, अंडं, लसणाच्या वासाची पात, हे सगळं चांगल्या गाडीवर एका वेळी एकाच ताटलीपुरतं परततात. कढई इतकी तापलेली असते की पट्टी टाकल्याटाकल्या धूर उठतो, आणि लोक रांग लावतात ती त्या धुराच्या चवीसाठी. चार ताटल्या एकदम टाकल्या तर कढई निवते, पट्ट्यांना पाणी सुटतं आणि गोळा होतो. म्हणून तुमच्या पुढे बारा जण असतील तर बारा वेळा कढई तापणार. ‘भाऊ, किती वेळ?’ विचारून उपयोग नाही.

नासी कांदारमध्ये नासी म्हणजे भात, कांदार म्हणजे कावड. पूर्वी तमिळ मुस्लिम विक्रेते खांद्यावर कावडीने भात आणि रस्से घेऊन फिरत. भातावर चार-पाच रस्से एकत्र ओततात. ‘बांजीर’ म्हणालात तर पूर येतो, शब्दाचा अर्थच तो. बोट दाखवून वाढून घ्यायचं असतं, पण बोट मोठ्या कोळंबीवर टेकवण्याआधी भाव विचारा. भावाला ‘हार्गा’ म्हणतात. न विचारता टेकवलं की बिलालाही बांजीर येतो.

शाकाहारी मंडळींची खरी कसोटी. ‘हलाल’ म्हणजे शाकाहारी नव्हे. चिनी चार क्वे त्यावमध्ये बहुधा डुकराची चरबी असते, आसाम लाक्सा या शेवयांच्या आंबट पदार्थाचा रस्साच मासळीचा, आणि साध्या परतलेल्या पालेभाजीतही बेलाचान, म्हणजे आंबवलेल्या जवळ्याची वडी, दबा धरून बसलेलं असतं. ‘मासे काढून द्या’ हा उपाय नव्हे, कारण मासे रश्श्यात विरघळलेले आहेत. लिटल इंडियात तमिळ शाकाहारी जेवण मिळतं, तो भरवशाचा तळ. दुसरा आधार चिनी बौद्ध खाणावळींचा. तिथे मांस नाही, पारंपरिक ठिकाणी कांदा-लसूणही नाही, त्यामुळे चातुर्मासवाल्यांचं सोनं. फक्त बदकासारखं दिसणारं सोयाबीन बघून ओरडू नये. चिनी महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला बरेच भाविक शाकाहार पाळतात, म्हणून तिकीट काढण्याआधी कालनिर्णय उघडून अमावास्या-पौर्णिमा बघावी. आज्जीला हे सांगितलं की सहलीला तिची संमती लगेच मिळते.

कोकणातल्या माणसाला मात्र इथे अर्ध्या गोष्टी ओळखीच्या निघतात. आसाम लाक्सामध्ये बहुधा बांगडाच असतो, चिंच असते, आणि आंबटपणासाठी जे वाळवलेलं फळ घालतात ते आपल्या कोकमाचं चुलतभावंड. खाली तांदळाच्या जाड शेवया, वर काकडी, अननस, पुदिना, आणि बाजूला चमच्यात काळीकुट्ट गोडसर कोळंबीची चटणी. ती आधी जराशीच मिसळायची. पुटू मायम म्हणजे तर गूळ-खोबऱ्याचे शिरवाळे. जायफळाला ‘पाला’ म्हणतात, आपल्या ‘फळ’मधलं. आपण बी किसतो, ते वरच्या गराचं सरबत करतात. धक्का बसतो तो चेंडोलला: नारळाचं दूध, ताडगूळ, हिरव्या शेवया, बर्फ आणि त्यात राजमा. उसळीचा राजमा! दुसऱ्या चमच्याला सवय होते.

कागदपत्रांचं थोडक्यात. भारतीयांना 2026 अखेरपर्यंत व्हिसा माफ आहे, तरी तिकिटाआधी एकदा तपासा. डिजिटल आगमन अर्ज पोचण्याआधीच्या तीन दिवसांतच भरायचा; तो फुकट असतो, पैसे मागणारी साइट आली की बंद करा. टॅक्सीचं ‘ग्रॅब’ ॲप घरूनच नोंदवा, कारण तिथलं सिम घातलं की ओटीपी आपल्या जुन्या नंबरावर जाऊन बसतो. बसमध्ये सुटे पैसे लागतात, चालक उरलेले परत देत नाही. प्लग तीन चपट्या पायांचा.

येताना बेलाचान आणायचा मोह होतो. तेही आपल्या जवळ्याच्याच जातीचं, मीठ लावून आंबवून दाबलेली वडी. तीन पिशव्यांत एकात एक गुंडाळून, वर डबा लावून, चेक-इन सामानातच टाका. दोन पिशव्या पुरतील असं वाटतं. त्या पुरत नाहीत, आणि मग पुढच्या दिवाळीला बॅग उघडली की नवी साडी सुक्या बाजारातून आणल्यासारखी वाटते.